दोन शहरांमधलं अंतर किती आणि फ्लाइटला वेळ किती लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन प्रश्न लोक नेहमी जोडीनेच विचारतात आणि उत्तर पण एका ओळीत हवं असतं, "अमुक हजार किमी, अमुक तास". अंतराचं तसं सांगता येतं, कारण शहरं काही जागची हलत नाहीत. वेळेचं तसं नाही. तो वाऱ्यावर, रूटवर, सीझनवर, एअरपोर्टच्या गर्दीवर, अगदी कुठल्या देशाने आपलं आकाश बंद केलंय यावर पण बदलतो, आणि ज्याला पुढची कनेक्टिंग फ्लाइट पकडायचीय किंवा कुणाला तरी घ्यायला एअरपोर्टवर जायचंय त्याला हे माहीत असलेलं फार उपयोगी पडतं. म्हणून खाली जरा सविस्तर लिहिलंय.

दोन शहरांमधलं "हवाई अंतर" म्हणजे नक्की काय मोजतात?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा जो सगळ्यात जवळचा रस्ता असतो, त्याची लांबी. याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. हातात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, दोरा जिथून जाईल तोच तो रस्ता. गणित करायचं तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि हॅव्हरसाइन नावाच्या सूत्रात टाकायचं. नेटवरचे बहुतेक डिस्टन्स कॅल्क्युलेटर आतून हेच करतात.

ढोबळ अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी. पूर्व-पश्चिम दिशेला हा हिशोब चालत नाही, कारण विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाल तसतसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात.

मग एकाच दोन शहरांसाठी तीन साइटवर तीन वेगळे आकडे का दिसतात?

याची तीन-चार कारणं आहेत आणि बहुतेक वेळा कुठलीच साइट चुकीची नसते.

पहिलं म्हणजे, मोजलंय कुठून कुठे. काही साइट शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही एअरपोर्टपासून एअरपोर्टपर्यंत. टोकियोचं नारिता एअरपोर्ट शहराच्या मध्यापासून साठ किमीच्या आसपास आहे, तेच हानेदा बरंच जवळ. पॅरिसच्या नावावर विकलं जाणारं बोव्हे एअरपोर्ट तर ऐंशी किमीच्या पुढे आहे. लांबच्या प्रवासात साठ-सत्तर किमी इकडेतिकडे झाले तर काही वाटत नाही, पण शहरंच जर तीनशे किमीवर असतील तर हा फरक मोठा आहे.

दुसरं, पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६,३५७ किमी. हॅव्हरसाइन तिला गोल धरतं, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे १०,००० किमीमागे जास्तीत जास्त ५० किमी. जास्त अचूक पाहिजे तर विन्सेंटीचं १९७५ सालचं सूत्र किंवा त्यानंतर आलेल्या पद्धती वापरतात, त्यात चपटेपणा धरलेला असतो. प्रवासाच्या प्लॅनिंगसाठी मात्र साधा आकडा भरपूर झाला.

तिसरं कारण एककांचं. साधा मैल म्हणजे १.६०९ किमी आणि विमानवाले वापरतात तो नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. कुठे नुसतं "मैल" लिहिलं असेल तर आधी कुठला ते बघा. ३,००० नॉटिकल मैल म्हणजे ५,५५६ किमी, पण साधे मैल समजून बदललेत तर ४,८२८ किमी येतील, म्हणजे सातशे किमीचा घोळ झाला.

आणि चौथं, शहरच दुसरं निघणं. हैदराबाद तेलंगणात आहे आणि सिंधमध्ये पण आहे. लंडन कॅनडात पण आहे, बर्मिंगहॅम अमेरिकेत पण आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियात आणि कोस्टा रिकात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या सिडनीला जाऊन पोचल्याच्या बातम्या खरंच आलेल्या आहेत. तिकीट काढताना शहराच्या नावाबरोबर देश आणि एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड बघायची सवय लावून घ्या, खूप मोठा मनस्ताप वाचतो.

नकाशावर विमान एवढा वळसा घेऊन का जातं? सरळ का नाही जात?

ते सरळच जात असतं, वाकडा नकाशा असतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर किंवा मोबाइलवर जो सपाट नकाशा दिसतो तो बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असतो, ही पद्धत १५६९ सालची, समुद्रावर दिशा धरून जहाज चालवायला बनवलेली. त्यात ध्रुवाकडचे भाग प्रचंड ताणले जातात. ग्रीनलँड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या साधारण चौदा पट आहे. अशा नकाशावर सगळ्यात जवळचा रस्ता कमानीसारखा दिसणारच.

माझं आवडतं उदाहरण बीजिंग आणि फिलाडेल्फिया. दोन्ही शहरं जवळजवळ ४० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे सपाट नकाशावर एकाच आडव्या रेषेत. त्या आडव्या रेषेवरून गेलात तर साधारण १४,३५० किमी पडतील. पण गोलावर दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि अंतर येतं ११,०६० किमीच्या आसपास. तीन हजार किमीच्या वर वाचले, म्हणजे साडेतीन-पावणेचार तास उड्डाण वाचलं! माद्रिद आणि न्यूयॉर्क पण असेच एकाच पट्ट्यात आहेत पण एकमेकांच्या जवळ, त्यामुळे तिथे फरक १७० किमीच्या आसपासच राहतो. शहरं जितकी लांब आणि जितकी ध्रुवाकडे, तितका नकाशावरचा वळसा मोठा दिसतो. दुबईहून लॉस एंजेलिसला जाणारी विमानं पार आर्क्टिककडे चढून मग खाली उतरतात ती याच कारणाने.

म्हणजे कॅल्क्युलेटर जेवढं अंतर दाखवतो तेवढंच विमान उडतं?

नाही, जवळजवळ नेहमीच थोडं जास्त. टेकऑफ वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला करायचा असतो, मग वळून रूटला लागायचं, उतरताना परत रांगेत येऊन धावपट्टीसमोर सरळ व्हायचं, यातच बरेच किमी जातात. उंचीमुळे पण अंतर वाढतं, पण अगदीच कमी, ११ किमी उंचीवरून १०,००० किमी गेलात तर साधारण १७ किमी जास्त.

खरा फरक पडतो तो वाटेत काय आहे त्याने.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे बंद आकाश. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने बऱ्याच युरोपियन एअरलाइन्सना आपलं आकाश बंद केलं. हेलसिंकी ते टोकियो हे ग्रेट सर्कल अंतर साधारण ७,८०० किमी, आणि आधी ही फ्लाइट साडेनऊ तासांच्या आसपास पोचायची. सायबेरियावरून जाता येईना म्हटल्यावर फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जायला लागली आणि तोच प्रवास जवळपास तेरा तासांचा झाला. शहरं तीच, अंतर तेच आणि वेळ साडेतीन तासांनी जास्त. अंतरावरून थेट वेळ सांगता येत नाही ते इथे स्पष्ट दिसतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय एअरलाइन्सना आकाश बंद केलं तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या फ्लाइट्सचं पण हेच झालं, दक्षिणेकडून वळसा आणि वर जास्तीचं इंधन.

दुसरं कारण डोंगर. तिबेटच्या पठारावरून फार कमी विमानं जातात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन ३,००० मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिबेटची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या वर, मग खाली येणार कुठे? त्यामुळे एअरलाइन्स शक्यतो बाजूने जातात.

तिसरं, दोन इंजिनांच्या विमानांचे नियम. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात जवळच्या एअरपोर्टला पोचता आलं पाहिजे, असं पाहूनच रूट आखावा लागतो. आधी ही मर्यादा ६० मिनिटं होती, १९८५ ला १२० झाली, १९८८ ला १८०, आणि एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळालीय. त्यामुळे आता समुद्रावरचे रस्ते बरेच सरळ झालेत.

मला फक्त ढोबळ वेळ काढायचाय. सोपं सूत्र आहे का?

आहे. हवाई अंतराला ८५० ने भागा, तेवढे तास, आणि वर अर्धा तास मिळवा.

सिंगापूर ते सिडनी घ्या, ६,३०० किमी. भागाकार येतो ७ तास २५ मिनिटं, वर अर्धा तास म्हणजे ७ तास ५५ मिनिटं, आणि टाइमटेबलमध्ये खरंच आठ तासांच्या आसपासच असतात. लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किमी, सूत्राने सात तास. प्रत्यक्षात न्यूयॉर्कहून लंडनला येताना टाइमटेबलमध्ये साधारण सात तास दिसतात आणि लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ. हा एक तास कुठून आला ते खाली वाऱ्याच्या प्रश्नात आहे.

अंतर १,००० किमीच्या आत असेल तर अर्ध्या तासाऐवजी ४५-५० मिनिटं मिळवा, आणि पंख्याचं छोटं विमान असेल तर ८५० विसरा, ५०० ने भागा.

८५० च का? विमानं तर ९०० ने उडतात ना?

वर गेल्यावर उडतात. साधारण ११ किमी उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमीच्या आसपास येतो. ए३२० किंवा ७३७ सारखी विमानं त्याच्या ७८ टक्के वेगाने जातात, म्हणजे साधारण ८३०, आणि ७८७, ए३५० सारखी मोठी ८५ टक्क्यांनी, म्हणजे ९००. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यामुळे पूर्ण प्रवासाची सरासरी खाली येते. छोट्या फ्लाइटमध्ये तर चढणं आणि उतरणं यातच बराचसा प्रवास संपतो.

जाताना आठ तास आणि येताना सात, असं का?

वारा. यावर जरा जास्त लिहितो कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि अर्धवट उत्तरं पण यालाच सगळ्यात जास्त मिळतात.

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे जिथे विमानं उडतात नेमकं तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात, जेट स्ट्रीम. वेग ताशी शंभर-दीडशे किमी सहज, आणि जोरात असेल तेव्हा तीनशेच्या पण वर. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण जगाचं लक्ष तिकडे गेलं ते दुसऱ्या महायुद्धात विमानं तेवढ्या उंचीवर जायला लागल्यावर.

विमान त्याच्या भोवतीच्या हवेच्या तुलनेत ९०० ने जात असतं. ती हवाच जर १०० ने पूर्वेकडे सरकत असेल तर पूर्वेकडे जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग १,००० आणि पश्चिमेकडे जाताना ८००. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, जाताना जेवढं नुकसान होतं तेवढा फायदा येताना होत नाही. ५,५४० किमी वारा नसताना जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं लागतील. १०० चा वारा असेल तर एका बाजूने ५ तास ३२ मिनिटं, दुसऱ्या बाजूने ६ तास ५६ मिनिटं, एकूण १२ तास २८ मिनिटं, म्हणजे ९ मिनिटं जास्तच. कारण सरळ आहे, उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.

म्हणून पायलट आणि डिस्पॅचवाले (जमिनीवर बसून रूट आखणारे) पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम टाळतात आणि पूर्वेकडे येताना मुद्दाम तिच्यात शिरतात, भले अंतर शे-दोनशे किमीने वाढलं तरी. उत्तर अटलांटिकवर तर यासाठी दिवसातून दोनदा नवीन समांतर रस्ते आखले जातात, एक संच पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, एक पूर्वेकडे, त्या दिवशीचा वारा बघून. त्यामुळे आज गेलेला रस्ता आणि उद्याचा रस्ता एकच असेल असं नाही.

हिवाळ्यात जेट स्ट्रीम जास्त जोरात असते, त्यामुळे जाण्या-येण्यातला फरक तेव्हा वाढतो. टोकियो ते होनोलुलू साधारण ६,२०० किमी, जाताना सात तासांच्या आसपास आणि येताना साडेआठ-नऊ. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चं. वादळामुळे वारा इतका होता की ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वाटेत जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला. म्हणून त्याने आवाजाचा वेग ओलांडला असं नाही, कारण त्याचा हिशोब भोवतीच्या हवेच्या तुलनेत करायचा असतो आणि ती हवाच पळत होती.

उत्तर-दक्षिण जाणाऱ्या फ्लाइट्सना हा वारा आडवा लागतो, त्यामुळे तिथे जाण्या-येण्याचा वेळ जवळपास सारखा राहतो.

पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असं ऐकलंय.

थेट तसं नाही. जमीन फिरते तशी हवा पण तिच्याबरोबर फिरते आणि विमान हवेत असतं. चालत्या ट्रेनमध्ये वर उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसंच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे पूर्वेकडे वळतात आणि जेट स्ट्रीमला दिशा मिळते, तेवढ्यापुरता संबंध आहे.

तिकिटावर आठ तास आणि पायलट म्हणतो सात तास दहा मिनिटं. खरं कुठलं?

दोन्ही. तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा, याला ब्लॉक टाइम म्हणतात. पायलट सांगतो तो हवेतला वेळ. मधे टॅक्सी करणं, म्हणजे विमानाने गेट ते धावपट्टी जमिनीवरून चालत जाणं येतं, धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं येतं, आणि मोठ्या एअरपोर्टवर ते काही कमी नसतं. ॲमस्टरडॅमची पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं विमान नुसतं जमिनीवरून चालतच राहतं, नवीन माणसाला वाटतं रस्त्याने घरीच सोडतायत की काय.

शिवाय एअरलाइन्स टाइमटेबलमध्ये थोडा जास्तीचा वेळ धरून ठेवतात. अर्ध्या तासाने उशिरा निघालेली फ्लाइट वेळेत पोचते ती याच्या जोरावर, पायलटने फार वेग वाढवला म्हणून नाही. वेग वाढवायला तीन-चार टक्क्यांच्या वर जागाच नसते. यात कोणी फसवतंय असं मला वाटत नाही, रोजच्या वाऱ्यात आणि गर्दीत एवढा चढउतार असताना नेमका मिनिटाचा वेळ छापणं जास्त चुकीचं झालं असतं. अमेरिकेत तर १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर सरकारी आकडेवारीत ती फ्लाइट वेळेवर आली असंच धरतात.

"पोचली" म्हणजे नक्की कधी, यावर कोर्टात पण भांडण झालंय. २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने ठरवलं की चाकं टेकली किंवा गेटला लागली तो वेळ धरायचा नाही, विमानाचं निदान एक दार उघडलं तो क्षण धरायचा. उशिराची भरपाई मागताना तिकडे हाच वेळ मोजतात.

तुम्हाला कुणाला घ्यायला जायचं असेल किंवा पुढची फ्लाइट पकडायची असेल तर ब्लॉक टाइम बघा. हवेतला वेळ फक्त झोप किती मिळेल त्यासाठी.

तिकिटावरच्या दोन वेळा वजा केल्या तर उत्तर विचित्र येतंय.

कारण तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या शहराची असते. आधी टाइम झोनचा फरक काढा. समजा दुबईहून सकाळी ८:३० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २:३० ला पोचताय. नुसती वजाबाकी सहा तास. उन्हाळ्यात न्यूयॉर्क दुबईच्या आठ तास मागे असतं, म्हणून ६ अधिक ८ म्हणजे १४ तास. पश्चिमेकडे जाताना फरक मिळवायचा, पूर्वेकडे जाताना वजा करायचा.

पॅसिफिक ओलांडताना मात्र हा नियम डोक्याला ताप देतो कारण मधे तारीख बदलते. टोकियोहून मंगळवारी संध्याकाळी ५ ला निघून दहा तास उडून लॉस एंजेलिसला पोचलात तर तिथे उन्हाळ्यात मंगळवारचेच सकाळचे ११ वाजलेले असतात, म्हणजे घड्याळाप्रमाणे निघायच्या आधीच पोचलात. अशा वेळी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, बदलून मग वजाबाकी करा, चूक होत नाही. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे. आणि पोचायच्या वेळेपुढे छोटं "+१" दिसलं तर दुसऱ्या दिवशी पोचताय, हॉटेल बुक करताना ते बघाच.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी जास्त जपून. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपात शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तास असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत आठवडाभर तसंच. सगळे झोन पूर्ण तासांचे पण नसतात, भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

नॉन-स्टॉप आणि डायरेक्ट एकच ना?

नाही! नॉन-स्टॉप म्हणजे मधे कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मधे एखाद्या शहरात थांबू शकते, आणि तो थांबा एक-दोन तासांचा असू शकतो. वेळ अंतराच्या मानाने खूप जास्त दिसत असेल तर आधी "स्टॉप" चा कॉलम बघा.

जवळच्या शहरांसाठी पण एवढा वेळ का लागतो?

वर म्हटलं तसं, चढणं, उतरणं, टॅक्सी हे तेवढंच लागतं, अंतर शंभर किमी असो की दहा हजार. लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गॉल जेमतेम ३५० किमी, पण टाइमटेबलमध्ये सव्वा तास. त्यात एअरपोर्टला जाणं, चेक-इन, सिक्युरिटी, इमिग्रेशन आणि पलीकडे शहरात येणं धरलं तर चार-साडेचार तास सहज. युरोस्टार ट्रेन शहराच्या मध्यातून मध्यात सव्वादोन तासांत, तिला पण आधी जावं लागतं तरी ट्रेनच पुढे राहते. टोकियो-ओसाका पण तसंच, ५१५ किमी शिंकानसेन या बुलेट ट्रेनने अडीच तासांच्या आत. माझ्या मते चांगली हाय-स्पीड ट्रेन असेल तर पाच-सहाशे किमीपर्यंत विमानाचा विचार करायची गरज नाही.

मधे समुद्र असेल तर मात्र सगळंच बदलतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही लोगनएअरची फ्लाइट २.७ किमीची आहे, टाइमटेबलमध्ये दोन मिनिटं, वारा चांगला असेल तर एका मिनिटाच्या आत पण झालेली आहे. तिथल्या लोकांसाठी ती चैन नाही, रोजची गरज आहे.

रस्त्याचं अंतर आणि हवाई अंतर यात किती फरक धरायचा?

सपाट प्रदेशात रस्ता साधारण सव्वा पट निघतो, डोंगराळ भागात दीडपट किंवा जास्त. आणि खाडी, आखात मधे आलं तर हिशोबच नाही, हेलसिंकी आणि तालिन समोरासमोर, हवेतून ऐंशी-बयाऐंशी किमी, पण फेरी न घेता रस्त्याने सेंट पीटर्सबर्गवरून जायचं तर, २०२३ मध्ये फिनलंड-रशिया सीमा बंद व्हायच्या आधी, सातशे किमीच्या पुढे पडायचे.

सगळ्यात लांबची नॉन-स्टॉप फ्लाइट कुठली? आणि याहून लांब होऊ शकते का?

सिंगापूर ते न्यूयॉर्क जेएफके, साधारण १५,३५० किमी, सिंगापूर एअरलाइन्स खास जास्त इंधन मावेल अशा ए३५० ने उडवते, टाइमटेबलमध्ये साडेअठरा तासांच्या आसपास. पर्थ ते लंडन ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनने मार्च २०१८ ला सुरू केली, १४,५०० किमी. सिडनी ते लंडन, १७,००० किमी, नॉन-स्टॉप करायची त्यांची तयारी बरीच वर्षं चाललीय.

वरची मर्यादा पृथ्वीच ठरवते. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किमी, म्हणजे जगातली कुठलीही दोन शहरं एकमेकांपासून २०,००० किमीच्या फार पलीकडे असूच शकत नाहीत. तेवढं उडणारं विमान आहे का, तर आहे, नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर हाँगकाँगहून पूर्वेकडून उलट्या वाटेने लंडनला गेलं, २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं. पण ते मोजकी माणसं घेऊन केलेलं विक्रमाचं उड्डाण होतं. पूर्ण भरलेलं विमान नेताना इंधनाचंच वजन एवढं होतं की सीट कमी कराव्या लागतात, मग तिकीट महाग होतं.

साठ वर्षांत विमानांचा वेग का वाढला नाही?

वाढला होता. कॉनकॉर्ड हे प्रवासी विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन २ तास ५३ मिनिटांच्या आत केलंय. पण इंधन प्रचंड लागायचं, जमिनीवर त्याचा स्फोटासारखा आवाज यायचा त्यामुळे बहुतेक ठिकाणी समुद्रावरच त्या वेगाने उडायची परवानगी होती, आणि २००३ ला ते बंद झालं. साध्या विमानात आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, दहा मिनिटं वाचवायला टनावारी इंधन जाळणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सगळे ७८ ते ८५ टक्क्यांच्या मधेच थांबलेत.

माझ्या फ्लाइटला खरोखर किती वेळ लागेल ते कसं बघू?

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या आठवड्याभरातल्या उड्डाणांची यादी काढा. तीच फ्लाइट, तोच रूट, आत्ताचाच सीझन, यापेक्षा चांगला अंदाज कुठलंही सूत्र देणार नाही. सरासरी बघू नका, सगळ्यात उशिरा पोचलेले दोन दिवस बघा आणि कनेक्शन तेवढं धरून ठेवा. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर अजून दोन तास जास्त ठेवा, कारण पहिली उशिरा आली म्हणून दुसऱ्या तिकिटाची एअरलाइन तुमच्यासाठी काही करायला बांधील नसते, आणि सामान पण बहुतेक वेळा परत घेऊन परत चेक-इन करावं लागतं.